आधी पाण्याची वेळ विचारा

माझं माहेर भालकी तालुक्यातलं. सातवीपर्यंत मराठी शाळा, आठवीपासून कन्नड. लग्न होऊन कलबुर्गीला आले तेव्हा शहराचं नाव अजून गुलबर्गाच होतं. एका अनुदानित शाळेत नोकरी केली आणि त्याच काळात अठरा वर्षं संध्याकाळी रिंग रोडपलीकडच्या एका झोपडवस्तीत मुलांचा वर्ग घेतला. वस्तीचं नाव लिहीत नाही. जमीन कोणाची यावर तिथे अजून वाद आहे, आणि नाव छापून आलं की मागोमाग नोटीस येते असा लोकांचा अनुभव आहे.

वस्ती डाळमिलांच्या मागे. कलबुर्गीला कन्नडमध्ये ‘तोगरी कणज’ म्हणतात, म्हणजे तुरीचं कोठार. त्या कोठाराच्या भिंतीला टेकून ही घरं उभी आहेत. चिंचोळी, आळंद, चित्तापूरच्या तांड्यांवरून आलेले लमाणी, औराद-भालकीकडचे मराठी बोलणारे, तेलुगू बोलणारे वडार, दखनी बोलणारी मुसलमान घरं. पुरुष हमालीला नाहीतर सेंट्रिंगला, बायका डाळ निवडायला नाहीतर धुण्याभांड्याला. छपरावर ताडपत्री आणि निवडणुकीतले जुने फ्लेक्स, खाली फुटकी शहाबादी फरशी.

२००७ च्या जूनमध्ये मी इथल्या चाळीस मुलांची यादी केली आणि जवळच्या शाळेत त्यांची नावं घातली. दिवाळीनंतर मोजली तर अकरा उरली होती. घरी येऊन मी नवऱ्याला म्हणाले, “या लोकांना शिक्षणाची कदरच नाही.” पुढची सगळी वर्षं हे एक वाक्य खोडण्यात गेली. ते कसं खोडलं गेलं, ते सांगते.

१. आधी पाण्याची वेळ विचारा, मग शाळेची

चौथीतली एक मुलगी दर तीन-चार दिवसांनी उशिरा यायची किंवा यायचीच नाही. मी तिला वर्गाबाहेर उभं करायची. एकदोनदा नव्हे, बरेचदा केलं. मग एका सकाळी काही कामाने वस्तीवर गेले, तर ही नळाच्या रांगेत, स्वतःच्या कमरेएवढ्या दोन घागरी घेऊन उभी. नळाला तीन दिवसांआड पाणी यायचं, तेही शाळेच्याच वेळेला, आणि घरातले बाकीचे सगळे उजाडतानाच कामावर गेलेले. कलबुर्गीचं पाणी भीमेवरून आणि बेण्णेतोऱ्यावरून येतं. ते शहराच्या शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत घंटा होऊन गेलेली असते. पाणी उशिरा यायचं आणि दंड मी त्या पोरीकडून घेत होते.

वस्तीत एक म्हातारी होती. लमाणी बोलीत आईला याडी म्हणतात, आणि ती सगळ्यांचीच याडी होती. तिला विनंती केली. शाळेच्या पोरी घागरी रांगेत लावून जायच्या, याडी भरून बाजूला ठेवायची. बदल्यात मुली संध्याकाळी तिच्या शेळ्यांना पाला आणून द्यायच्या. इतकंच केलं. ना भाषण दिलं, ना पालकसभा घेतली. महिन्याभरात त्या मुलीची गैरहजेरी जवळजवळ संपली.

तेव्हापासून माझ्या वहीत मुलाच्या नावापुढचा पहिला रकाना ‘पाणी’ असा असतो. इयत्ता त्याच्यानंतर.

२. कागद ओला झाला की वर्ष बुडतं

झोपडीतल्या मुलाचा खरा शत्रू गरिबी असं आपण म्हणतो, पण रोजच्या व्यवहारात ती कागदाचं रूप घेऊन येते. जन्माचा दाखला, आधार, आधीच्या शाळेचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचं प्रमाणपत्र. घराला नंबर नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून पुढचं सगळं अडलेलं.

सीमेवर हा गुंता आणखी वाढतो. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, नारायणखेड हे सगळं बिदर जिल्ह्यातच होतं. राज्यं वेगळी झाली, सोयरिकी तशाच राहिल्या. लमाणी समाज कर्नाटकात अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत मोडतो. एकाच आजीची तीन नातवंडं तीन राज्यांत तीन प्रकारची. आई उदगीरची, बाप औरादचा आणि मूल जन्मलं हैदराबादच्या बांधकामावर, असं एक पोरगं माझ्याकडे होतं. त्याच्या प्रमाणपत्रासाठी त्याचा बाप नाडकचेरीत इतक्या वेळा गेला की तिथला शिपाई त्याला नावाने हाक मारायला लागला.

शिक्षण हक्काचा कायदा २०१० च्या एप्रिलपासून लागू झाला. त्यात साफ लिहिलं आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही, आणि वर्ष सुरू झाल्यावर आलेल्या मुलालाही घ्यावंच लागतं. मी ही कलमं एका कागदावर कन्नडमध्ये लिहून पर्समध्ये ठेवली होती. एका शाळेत तो कागद दाखवल्यावर कारकून म्हणाले, “बाई, कायदा बरोबर आहे, पण सॉफ्टवेअर घेत नाही.” तिथेच बाकावर बसून राहिले. दुपारी सॉफ्टवेअरने घेतलं.

पण हा कायदा आठवीपर्यंतच पाठीशी असतो. नववीत कागद पुन्हा आडवा येतो. त्यातून आमच्या भागाला ३७१-जे कलमाचा आधार आहे. २०१२ च्या घटनादुरुस्तीने तो मिळाला आणि इथल्या उच्च शिक्षणसंस्थांत ७० टक्के जागा स्थानिकांसाठी राखल्या गेल्या. पण स्थानिक असल्याचं सिद्ध करायला पुन्हा कागदच लागतो. ज्याच्यासाठी सवलत केली, त्याच्याकडेच पुरावा कमी.

२०२० च्या ऑक्टोबरात भीमेला पूर आला, शहरातही पाऊस थांबेना. वस्तीत गुडघाभर पाणी शिरलं आणि नऊ घरांतल्या पत्र्याच्या पेट्या भिजल्या. तेव्हापासून नियम केला की प्रत्येक मुलाची एक प्लास्टिकची फाईल असायची, ती छपराच्या आडव्या बांबूला टांगायची, आणि झेरॉक्सचा एक संच माझ्या घरच्या कपाटात ठेवायचा. कपाटाचा तो कप्पा माझ्या साड्यांचा होता.

३. मुकं वाटणारं मूल तीन भाषा बोलत असतं

एका मुलाच्या नावापुढे मी ‘बोलत नाही’ असा शेरा मारला होता. तीन महिने त्याने वर्गात तोंड उघडलं नाही. एका रविवारी आळंद रोडला एका बांधकामापाशी तो दिसला, बापाच्या डब्याची पिशवी हातात घेऊन. गवंडी तेलुगूत काहीतरी सांगत होता, मुकादमाला कन्नडच कळत होतं, आणि वाळूचा ट्रॅक्टरवाला दखनीत भांडत होता. हे नऊ वर्षांचं पोरगं मध्ये उभं राहून तिघांचं तिघांना समजावत होतं. घरी तो लमाणी बोलायचा. त्या दिवशी मी वही काढून शेरा खोडला आणि बाजूला स्वतःसाठी एक शेरा लिहिला.

मला हे आधीच कळायला हवं होतं. आठवीत कन्नड माध्यमात गेले तेव्हा पहिल्या चाचणीत मला शंभरात नऊ गुण पडले होते. वर्गातल्या मुली ‘मराठी’ म्हणून हसायच्या. मी वर्षभर गप्प होते, आणि गप्प राहणाऱ्याला ढ समजतात हे मी सोसलेलं होतं. तरी मोठी होऊन तेच केलं.

मग आम्ही भिंतीवर एक यादी सुरू केली. सगळ्या घरांत चालणारे शब्द. पाटी इकडेही पाटी, तिकडेही पाटी. अक्का, गिरणी, बंडी. शाळा कन्नडमध्ये शाले. आपला ‘नको’ तर दखनीने केव्हाच उचलला आहे, आमच्याकडची मुसलमान पोरं “नक्को टीचर” म्हणूनच गृहपाठ टाळतात. यादी वाढत गेली तशी मुलांना एक गोष्ट उमगली, की कन्नड पुस्तकातले बरेच शब्द त्यांच्या घरात आधीच राहत होते. अनोळखी गावात ओळखीचा माणूस भेटावा तसं त्यांना झालं.

४. हंगाम मुलाला घेऊन जातो, त्याच्या हातात चिठ्ठी द्या

आमच्या वस्तीचं वर्ष जूनला सुरू होऊन मार्चला संपत नाही. दसऱ्यानंतर काही घरं ऊसतोडीला जातात. पौषात तूर कापायला गावाकडे परततात. होळीनंतर पुणे, मुंबई, हैदराबादची बांधकामं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही. मूल सोबत जातं, कारण मागे कोणाकडे ठेवायचं? शाळेच्या हजेरीपटावर मात्र एवढंच दिसतं की अमुक तारखेपासून गैरहजर. मग नाव लाल होतं, आणि परत आलेलं पोर दारातूनच वळतं.

सरकारी पातळीवर यावर उपाय झाले आहेत. कर्नाटकात स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी टेंट शाळा निघाल्या, महाराष्ट्रात साखरशाळा झाल्या, शिक्षण हमी कार्ड आलं. जिथे ते पोचलं तिथे उपयोग झाला. आमच्याकडे पोचेपर्यंत मी माझं एक कार्ड काढलं. साधा कागद, त्यावर कन्नड, मराठी आणि हिंदीत चार ओळी: “हा मुलगा पाचवीत आहे. कन्नड वाचतो, मराठी समजतं. भागाकारापर्यंत गणित झालं आहे. याला वर्गात बसू द्यावं ही विनंती.” खाली माझा फोन नंबर.

एक मुलगा तो कागद घेऊन पुण्याला गेला. पाच महिन्यांनी परत आला तेव्हा कागद चौघडी पडून फाटायला आला होता, पण मागच्या बाजूला मराठीत कोणीतरी लिहिलं होतं: “भागाकार पक्का केला. पाढे बारापर्यंत. चित्रं छान काढतो.” ते लिहिणाऱ्या बाईंना मी कधी भेटले नाही. आमच्या दोघींमध्ये साडेतीनशे-चारशे किलोमीटरचं अंतर होतं आणि एक पोरगं होतं. मुलाने मला विचारलं, “आता तुम्ही काय लिवणार?”

५. एक माणूस पुरतो, पण तो टिकला पाहिजे

हवाईच्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी चाळीस वर्षं माग काढला. गरिबी, व्यसन, भांडणं अशा घरांतून आलेल्या मुलांपैकीही साधारण एक तृतीयांश मुलं नीट उभी राहिली. त्यांच्यात जे सारखं दिसलं त्यात एक गोष्ट ठळक होती. प्रत्येकाच्या आयुष्यात निदान एक मोठं माणूस असं होतं जे सोडून गेलं नाही. ते आईबापच असायला हवेत असं नाही. आजी, शेजारीण, शिक्षक, कोणीही.

हे मी नंतर वाचलं, आधी पाहिलं. आमच्या एका मुलाचा असा माणूस डाळमिलचा राखणदार होता. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. रात्री गेटवरच्या दिव्याखाली तो मुलाला मोठ्याने वाचायला लावायचा आणि मध्येच म्हणायचा, “कामून थांबलास? वाच की.” दुसऱ्या एकीसाठी शाळेतली स्वयंपाकीणबाई होती. मुलगी आली नाही की ती भात वाढताना विचारायची, “ती कुठंय?” वर्गशिक्षकाआधी तिला गैरहजेरी कळायची.

उलटंही पाहिलं. उत्साही तरुण यायचे, चांगले असायचे, तीन महिने शिकवायचे, फोटो काढायचे आणि जायचे. चौथ्या वेळी एका मुलीने नव्या ताईला पहिल्याच दिवशी विचारलं, “तुम्ही किती दिवस आहात?” उत्तर ऐकून तिने वही उघडायची की नाही ते ठरवलं. ज्यांना थोडेच दिवस जमणार आहे त्यांनी फळे रंगवावेत, पुस्तकं शिवावीत, दाखले काढायला मदत करावी. मुलाशी नातं जोडायला जाऊ नये. तुटलेल्या नात्याचा खर्च मुलालाच पडतो.

६. जेवणाचं कारण कमी प्रतीचं नसतं

“पोरं खिचडीसाठी येतात” असं शिक्षकांच्या खोलीत हसून बोललं जातं. येतात तर येतात. कर्नाटकाने २००२ मध्ये शाळेत शिजवलेलं जेवण द्यायला सुरुवात केली ती आमच्याच बाजूच्या ईशान्येकडच्या जिल्ह्यांतून, आणि नाव दिलं ‘अक्षर दासोह’. दासोह हा शब्द बसवकल्याणच्या शरणांचा. कमावलेलं समाजात वाटून खाणं, आणि ते दान म्हणून नव्हे, हा त्याचा अर्थ. २०२१ च्या डिसेंबरात आमच्याकडच्या जिल्ह्यांत जेवणात अंडं सुरू झालं तेव्हा विरोधही झाला. वाद पेपरात चालू होता. वस्तीत मात्र अंड्याच्या दिवशी आजारी मुलंसुद्धा बरी व्हायची.

७. थोरल्या मुलीची पाटी सगळ्यांत आधी फुटते

घरात तान्हं आलं की आठ-नऊ वर्षांची थोरली शाळेतून गळते. तिला काढलं असं कोणी म्हणत नाही. ती नुसती दिसेनाशी होते. २००७ च्या यादीतल्या ज्या एकोणतीस जणांना मी दिवाळीत हरवलं, त्यांत बऱ्याचशा थोरल्याच होत्या.

सुरुवातीला संध्याकाळच्या वर्गात मी कडेवरचं पोर आणायला मनाई केली होती. रडतात, घाण करतात, वर्ग बिघडतो. नियम कागदावर छान होता, त्याने पाच मुली कमी केल्या. मग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवल्या. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात भरवायची, हे त्यांनी बोर्डी-कोसबाडला करून दाखवलं होतं. कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी केली. धाकटं पाळण्यात निजलं तरच थोरली पाटी हातात धरते, हे त्यांना फार पूर्वी कळलं होतं. डी.एड.ला मी हे पाठ करून गुण मिळवले होते.

वर्गाच्या कोपऱ्यात गोधडी अंथरली. चार वाट्या, एक खुळखुळा आणि पाळीपाळीने एक आजी. वर्गात गोंगाट वाढला आणि मुलीही वाढल्या.

पुढे सातवी-आठवीत दुसरी गळती. पाळी येते, शाळेच्या संडासाला कडी नसते, आणि हायस्कूल लांब असतं. लग्नाची बोलणी निघतात ती याच सुमाराला. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे हे आईबापांना ठाऊक असतं. त्यांची भीती रस्त्याची असते. २०२३ च्या जूनमध्ये कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली. त्या योजनेवर लोक काय काय बोलतात ते बोलोत. आमच्या तीन मुलींचं हायस्कूल त्या शून्य रुपयांच्या तिकिटावर चालू राहिलं, आणि चौघी-पाचजणी मिळून एकाच बसने जायला लागल्यावर बापांची भीतीही कमी झाली.

८. शिक्षकाने एकदा तरी वस्ती पाहावी

देशातला कोरोनाचा पहिला मृत्यू कलबुर्गीत झाला, मार्च २०२० मध्ये. तेव्हापासून शाळा बंद. मोबाईलवर शिकवायचं ठरलं. आमच्याकडे एका घरात एक फोन, तोही बापाच्या खिशात, आणि बाप कामावर. धडे संध्याकाळी घरी यायचे, तोवर डेटा संपलेला असायचा.

ऑगस्टमध्ये सरकारने ‘विद्यागम’ काढलं. शिक्षकांनी मुलांपाशी जायचं, देवळाच्या ओट्यावर, झाडाखाली, जिथे जमेल तिथे. संसर्गाच्या भीतीने ऑक्टोबरात ते थांबलं. एवढ्या थोड्या दिवसांत मुलं किती शिकली कोण जाणे. शिक्षक मात्र शिकले. एक सर दहा वर्षं त्या शाळेत होते, पण वस्तीत पहिल्यांदाच आले. लिंबाखाली उभे राहून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि एका मुलाला विचारलं, “तू अभ्यास कुठे बसून करतोस?” मुलाने घराकडे बोट केलं. दहा बाय दहाची जागा, त्यात सहा माणसं, चूल आणि शेळी. शाळा पुन्हा उघडल्यावर त्या सरांनी अपुऱ्या गृहपाठाबद्दल हातावर पट्टी मारणं बंद केलं. मुलांना सुट्टीनंतर अर्धा तास वर्गातच बसून गृहपाठ करू द्यायला लागले. यासाठी सरकारी आदेश लागला नाही.

९. नापास झालेल्याच्या दारात दुसऱ्याच दिवशी जा

दहावीच्या निकालात आमचा भाग तळाला असतो. २०२५ च्या पहिल्या परीक्षेत कलबुर्गी जिल्हा राज्यात शेवटचा आला. टीव्हीवर तक्ता दाखवतात, मंगळूर-उडुपी वर, आम्ही खाली. त्या तक्त्याखाली जी पोरं दबतात त्यांच्याकडे आठवडाभर कोणी फिरकत नाही. आणि त्याच आठवड्यात मुकादम फिरकतो.

२०२४ मध्ये राज्याने एकाच वर्षात तीनदा परीक्षा द्यायची सोय केली. आमचा एक मुलगा गणितात गेला होता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्याची पिशवी भरलेली होती, रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाला होता. मी म्हटलं, “दुसऱ्या परीक्षेचा फॉर्म भर, मग जा.” तो म्हणाला, “पुन्हा नापास झालो तर?” मी म्हटलं, “तिसरी आहे.” त्याला हसू आलं. दुसरीत दोन गुणांनी राहिला, तिसरीत सुटला. मुंबईला गेलाच नाही असं मात्र नाही. सुटल्यावर गेला, आयटीआयची फी जमवायला, आणि परत आला.

बिदरचं ‘शाहीन’ शिक्षणसंकुल आता देशभर माहीत झालं आहे. १९८९ मध्ये ते लहानशा जागेत सुरू झालं, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या, कुराण पाठ केलेल्या मुलांना पायापासून शिकवून पुढे नेण्याचा वर्ग त्यांनी चालवून दाखवला. त्यातून मी एवढंच घेतलं की मागे पडलेल्याला वेगळ्या रस्त्याने पुढे आणता येतं. फक्त तो रस्ता बांधावा लागतो, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो त्याला दाखवावा लागतो. आठवड्यानंतर नव्हे.

१०. चिवटपणाचं कौतुक जपून करा

आमच्या एका मुलीला दहावीत चांगले गुण पडले. झोपडीत राहून, डाळ निवडून, वगैरे बातमी आली. सत्कार झाले. शाल, नारळ आणि तीन सन्मानचिन्हं, जाडजूड पारदर्शक, खाली लाकडी बैठक असलेली. घरी आल्यावर तिने मला विचारलं, “बाई, ह्ये कुठं ठिवू?” घराला भिंत नव्हती, ताडपत्री होती. पुढे वैशाखातल्या वाऱ्यात ताडपत्री उडायला लागली तेव्हा तिच्या आईने ती तिन्ही चिन्हं खालच्या कडेवर वजन म्हणून ठेवली. तेवढा उपयोग झाला. कॉलेजच्या हॉस्टेलसाठी अनामत भरायची होती, त्याबद्दल सत्कार करणाऱ्यांपैकी कोणीच विचारलं नव्हतं.

मल्लिकार्जुन खर्ग्यांचं उदाहरण आमच्याकडे नेहमी देतात. जन्म भालकी तालुक्यातल्या वरवट्टीचा. १९४८ मध्ये रझाकारांच्या जाळपोळीत आई गेली. वडील लहान मुलाला घेऊन गुलबर्ग्याला आले आणि एम.एस.के. मिलमध्ये कामाला लागले. मुलगा नूतन विद्यालयात शिकला, वकील झाला, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. “बघा, मनात आणलं तर होतं,” असं म्हणून उदाहरण संपवतात. मी मुलांना तेच उदाहरण सांगते, पण गिरणीपाशी थांबते. उद्ध्वस्त होऊन आलेल्या बापाला तेव्हा शहरात गिरणीचं काम मिळालं. आज गिरणी बंद आहे आणि आमच्या वस्तीतल्या बापाला रोज सकाळी नाक्यावर उभं राहून काम शोधावं लागतं. जिद्द दोन्हीकडे सारखीच असेल. तिला टेकायला मिळालेली जागा सारखी नाही.

तुरीचं पीक ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पहिले दोन महिने तूर वाढतच नाही असं वाटतं. शेजारचा मूग-उडीद वर येतो, निघूनही जातो, मग ती फोफावते. मूळ खोल असतं म्हणून कमी पावसात तगते. म्हणून तिला चिवट म्हणतात. पण मर रोग लागला की हिरवंगार शेत उभं वाळतं, आणि तेव्हा शेतकरी तुरीला जिद्द नव्हती असं म्हणत नाही. तो बियाणं तपासतो, पाणी कुठे साचलं ते बघतो, पुढच्या साली पीक फिरवतो. मुलांच्या बाबतीत आपण उलट वागतो. तगलं तर त्याचं कौतुक, वाळलं तर त्याचा दोष.

मुलाचा चिवटपणा ही त्याची पुंजी असते. घागरीपाशी थोडी खर्च होते, दाखल्याच्या रांगेत थोडी, अनोळखी भाषेत थोडी, धाकट्याला कडेवर घेण्यात थोडी. वर्गात येऊन बसेपर्यंत कितीतरी संपलेली असते. शिकायला जे उरतं ते त्यातलं. आपण मुलाला आणखी जिद्द देऊ शकत नाही, ती त्याच्याकडे आपल्यापेक्षा जास्तच असते. तिचा फुकट जाणारा खर्च तेवढा कमी करू शकतो.

माझ्या पहिल्या यादीतल्या चाळिसांपैकी सात जण दहावी पास झाले. आकडा लहान आहे, तो मोठा करून सांगणार नाही. त्या सातांमधली एक आज त्याच वस्तीशेजारी अंगणवाडीत मदतनीस आहे. वर्गाबाहेर मी जिला उभी करायची, तीच ती.

या जूनमध्ये माझ्या गुडघ्यांमुळे नवी यादी तिने केली. मी शेजारी खुर्ची टाकून बसले होते. एक बाई दोन मुलांना घेऊन आली, नुकतीच चिंचोळीकडून आलेली, घाबरलेली, हातात कसलाच कागद नाही. मला वाटलं, ही आता नाव विचारेल, नाहीतर वय.

तिने वही उघडली, पेन काढलं आणि विचारलं, “अक्का, तुमच्याकडं पाणी किती वाजता येतंय?”